सपाटीवरचा घाट

कार्बोरेटर आणि उंची हा विषय निघाला की बोलणे थेट लडाखच्या खिंडींकडे वळते. त्यात आदिलाबादचे काय काम, असे कोणालाही वाटेल. शहर समुद्रसपाटीपासून 264 मीटरवर. एवढ्या उंचीने हवा जेमतेम अडीच टक्के विरळ होते, आणि तेवढ्यासाठी कोणी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, बदलत नाही. निर्मळच्या वाटेवरचा महबूब घाटही त्या मानाने किरकोळच. तरीही या जिल्ह्यातली मोटरसायकल दरवर्षी एक मोठा घाट चढते-उतरते, आणि तो घाट पंचांगात आहे. हिवाळ्यातल्या पहाटे पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो, मे महिन्यातल्या दुपारी 45 ला टेकतो. दाब तोच धरला, तर या 40 अंशांनी हवेची घनता सुमारे 13 टक्के घटते. मुंबईहून महाबळेश्वरला, म्हणजे साडेतेराशे मीटर चढून गेल्यावर हवा साधारण एवढीच विरळ होते.

1893 मध्ये जर्मन अभियंता माइबाखने पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर केला, तेव्हापासून या यंत्राची खोड एकच: ते हवा मापते, तोलत नाही. विरळ हवेतही पेट्रोल प्रमाणापेक्षा जास्तच ओढले जाते. मद्रासची एन्फिल्ड, म्हैसूरची जावा, नंतरची राजदूत, सगळ्या गाड्या कारखान्यातून ठरावीक जेट घेऊन निघाल्या. त्यांना आदिलाबादचा मे आणि डिसेंबर वेगळा काढून दाखवणारे कोणी नव्हते. ते काम मिस्त्रीच्या स्क्रू-ड्रायव्हरवर आले. एअर स्क्रू पूर्ण आवळायचा, मग साधारण दीड फेरा सैल करायचा, आणि तिथून कानाने पुढे-मागे. उन्हाळ्यात किंचित सैल, थंडीत किंचित आवळलेला.

यावर कोणी म्हणेल, थंडीत गाडी किक घेत नाही ती पेट्रोलची वाफ होत नाही म्हणून, आणि त्यासाठी चोक आहेच. खरे आहे, पण चोकचे काम इंजिन तापेपर्यंतचे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हवा 13 टक्के विरळ झाली तरी मिश्रण साधारण निम्म्यानेच, 6-7 टक्के दाट होते. माझ्या मते म्हणूनच इथे जेट बदलण्याची रीत पडण्याचे कारण नव्हते. स्क्रू आणि सुईची खाच यांवर भागत होते. स्क्रूचा अंमल मात्र मंद गतीपुरता. पूर्ण रेस दिल्यावर मेन जेटचेच राज्य, आणि टू-स्ट्रोकमध्ये ते जरा दाट असलेलेच बरे, कारण थंड, घट्ट हवेत मिश्रण पातळ पडले की पिस्टन जाम होण्याची भीती. त्याची किंमत उन्हाळ्यात धुराने चुकवायची.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि नव्या गाड्यांत हवेचे तापमान नि दाब वाचणारे सेन्सर आले. पण जिल्ह्यातल्या बेला-जैनदकडच्या जुन्या गाडीचा प्लग काढला, तर महिना अजूनही तिथेच दिसतो: मे असेल तर काजळी, डिसेंबर असेल तर फिकट राखाडी.