सकाळी कळलं, दुपारी घडलं

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले आणि मग सतरा वर्षांच्या नारायणरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली. शनिवारवाड्यातच चुलते रघुनाथराव नजरकैदेत होते. त्यांनी निसटायचा प्रयत्न केल्यावर पहारा आणखी कडक झाला. वाड्याच्या रखवालीला होते गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई. त्यांचा पगार तुंबला होता आणि त्यांच्या मोहरक्यांशी रघुनाथरावांच्या माणसांची बोलणी चालली होती. मसलत पुतण्याला धरायची होती. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकमातल्या 'धरावे'च्या 'ध'चा 'मा' करून ते 'मारावे' केलं ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगतात, पण तसा फेरफार केलेला कागद कुणाला सापडलेला नाही. एका बाईच्या लेखणीवर सगळा दोष टाकला की बाकीच्यांची सुटका होते, म्हणून ती गोष्ट मला कधीच पटली नाही.

३० ऑगस्ट १७७३, सोमवार, सकाळ

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणपतीचे दिवस. अठरा वर्षं नुकतीच पूर्ण झालेले पेशवे पर्वतीच्या दर्शनाला गेले. बरोबर हरिपंत फडके होते. परतताना पेशव्यांनी रघुजी आंग्र्यांची भेट घेतली. कुलाब्याचे आंगरे तेव्हा पुण्यात मुक्कामाला होते आणि कटाची कुणकुण त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी पेशव्यांना सावध केलं: जिवाला धोका आहे, बंदोबस्त करा.

म्हणजे पेशव्यांना सकाळीच कळलं होतं, आणि तेही एका जबाबदार सरदाराच्या तोंडून. दिवस अजून हातात होता.

दुपारच्या जेवणाआधी

नारायणरावांनी हरिपंतांना गारद्यांचा बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत हो म्हणाले आणि आधी एका स्नेह्याकडे जेवायला गेले. हेच हरिपंत पुढे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचे, म्हणजे बारभाईंचे, सेनापती म्हणून गाजले. कर्तबगार माणूस होता, फितूर तर मुळीच नव्हता. पण त्या दिवशी त्यांना वाटलं, जेवून उठल्यावर बघू. पेशवेही जेवून वामकुक्षीला गेले.

ज्यांचा कट होता ते मात्र जेवायला थांबले नाहीत. बातमी फुटल्याचा वास कटात सामील असलेल्या तुळाजी पवाराला लागला, आणि उद्यावर टाकलं तर आपलीच मुंडकी जातील हे गारद्यांनी ओळखलं.

एकच्या सुमारास

वाड्याच्या मागच्या बाजूला दरवाजाचं काम चालू होतं. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ शेकडो गारदी घेऊन तिथून घुसले. पगार द्या, असा ओरडा करत आले, पण हातात नंग्या तलवारी होत्या. जो आडवा आला तो कापला गेला. इच्छारामपंत ढेरे पडले. एक गायही तलवारीखाली आली.

गलबल्यानं जागे झालेले नारायणराव आधी पार्वतीबाईंकडे धावले. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी. त्यांनी सांगितलं, काकांकडे जा, तेच वाचवतील. घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं दुसरं काय सांगावं! घरात आग लागली की पोर मोठ्यांकडेच पळतं.

रघुनाथराव देवपूजेत होते. पुतण्यानं त्यांना मिठी मारली. 'काका, मला वाचवा' ही हाक आजही पुण्यात सांगतात. तुळाजीनं पाय धरून नारायणरावांना ओढलं. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. सुमेरसिंगाच्या तलवारीनं दोघेही गेले.

दीडच्या सुमारास

अर्ध्या तासात अकरा माणसं मेली होती. त्यांत दोन दासी होत्या. चापाजीचं नाव निदान उरलं. दासींची नावं लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

रात्र

दिवसभर नारायणरावांचं प्रेत वाड्यातच होतं. रात्री उशिरा ते ज्या दरवाजानं बाहेर काढलं, त्याला आज नारायण दरवाजा म्हणतात. नदीकाठी अग्नी दिला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती, हे मारेकऱ्यांच्या हिशेबात नव्हतं.

पुढचे आठवडे

याआधी सव्वाशे वर्षं लंडनमध्येही राजा मारला गेला होता. पण तिथे आधी खटला चालला. पहिल्या चार्ल्सला २० जानेवारी १६४९ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभं केलं, २७ तारखेला शिक्षा सुनावली, आज्ञापत्रावर ५९ जणांनी सह्या केल्या आणि ३० तारखेला भर दुपारी, लोकांसमोर, कुऱ्हाड चालली. पुण्यात आधी तलवार चालली, न्यायाधीश मागाहून आले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि पेशवाईवर बसलेल्या रघुनाथरावांना तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. मग पद सोडून ते निघून गेले. वेस्टमिन्स्टरच्या न्यायासनामागे राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलची फौज उभी होती. रामशास्त्र्यांच्या मागे कुणीही नव्हतं, आणि तरी ते बोलले. मला या साऱ्या प्रकरणात त्यांच्याइतका मोठा माणूस दिसत नाही.

पण शिक्षा अंमलात आणणार कोण? बारभाईंनी गंगाबाईंना पुरंदरावर नेलं, १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांचा मुलगा सवाई माधवराव जन्मला आणि रघुनाथराव इंग्रजांच्या दारी गेले.

या सगळ्याचं मोल आपल्या मुंबईच्या उपनगरांनी मोजलं. मुंबई बेट शिरच्छेद झालेल्या त्याच चार्ल्सच्या मुलाला १६६१ च्या विवाहकरारानं पोर्तुगिजांकडून मिळालं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर मात्र शेजारच्या साष्टी बेटात, आणि साष्टी १७३७ पासून मराठ्यांची. पुण्यात फूट पडलेली पाहून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला आणि वर्ष संपता संपता साष्टी गिळली. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. पुढे युद्ध झालं, वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली, वसई परत आली. पण १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहातही साष्टी सुटली नाही. त्याच तहानं रघुनाथरावांना दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक लावून दिली. देहान्त प्रायश्चित्त सांगितलेला हा माणूस पुढच्या वर्षी कोपरगावला आपल्या मरणानं मेला.