नेफ्रॉन कसा काम करतो? किडनीच्या आतली सूक्ष्म रचना, सोप्या भाषेत

आमच्या अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत घरातला मुलगा इंजिनिअर झाला की दोन कामं आपोआप त्याच्या गळ्यात पडतात. वायफाय बंद पडलं की बघायचं आणि सगळ्यांचे मेडिकल रिपोर्ट वाचून दाखवायचे. बाबांना बारा वर्षांपासून डायबेटिस आहे. दोन वर्षांपूर्वी लॅबने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ मी जीटीबी नगरच्या प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या उघडली. क्रिएटिनिन १.२, नॉर्मल रेंज ०.७ ते १.३, रंग हिरवा. ‘बाबा, किडनी ओके’ असा मेसेज टाकला आणि लोकल पकडली.

तिसऱ्या पानावर लघवीच्या तपासणीत ‘अल्ब्युमिन १+’ लिहिलेलं होतं. तिथपर्यंत मी स्क्रोलच केलं नव्हतं.

त्या १+ चा अर्थ समजून घ्यायला मला किडनीच्या आत मायक्रोस्कोपच्या पातळीपर्यंत उतरावं लागलं. तेच इथे मांडतोय. डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे उदाहरणं तशीच येतील.

आधी आकडे

शाळेच्या पुस्तकातलं ‘वृक्क’ म्हणजेच किडनी. एक किडनी साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाहीत, पण हृदय जेवढं रक्त पंप करतं त्यातलं २० ते २५ टक्के रक्त त्यांच्याकडे जातं. मिनिटाला एक लिटरहून जास्त.

किडनी उभी कापली तर बाहेरचा थर दाणेदार दिसतो, त्याला कॉर्टेक्स म्हणतात. आतला भाग रेघारेघांचा, तो मेड्युला. दाणे आणि रेघा का दिसतात, याचं उत्तर नेफ्रॉनमध्ये आहे. नेफ्रॉन म्हणजे किडनीचं काम करणारं एक सुटं युनिट: एका टोकाला केशिकांचा गुंता आणि त्याला जोडलेली लांब नळी. गुंते कॉर्टेक्समध्ये बसतात, नळ्यांचे सरळ भाग मेड्युलात उतरतात.

प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात, माणसागणिक बराच फरक पडतो. एका नेफ्रॉनची नळी ३ ते ५ सेंटीमीटर. दोन्ही किडन्यांतल्या सगळ्या नळ्या टोकाला टोक लावून मांडल्या तर सीएसएमटीवरून निघालेली रांग कल्याण ओलांडून कर्जतच्या दिशेला जाईल.

नेफ्रॉन जन्माआधीच तयार होतात, साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर नवीन एकही बनत नाही. किडनी दान केलेल्या माणसाचं नीट चालतं ते उरलेल्या किडनीतले नेफ्रॉन आकाराने मोठे होऊन जास्त काम उचलतात म्हणून, त्यांची संख्या वाढते म्हणून नव्हे. आमच्या घरापासून काही किलोमीटरवर, परळच्या केईएममध्ये १९६५ साली भारतातला किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्यारोपण म्हणजे तयार नेफ्रॉनचा आख्खा संच एका शरीरातून दुसऱ्यात नेणं. सुटे पार्ट मिळत नाहीत.

ग्लोमेरुलस: जिथे प्रेशर मुद्दाम वाढवलेलं आहे

केशिकांच्या त्या गुंत्याचं नाव ग्लोमेरुलस. मार्सेल्लो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच हे बारीक गोळे पाहिले होते. पण ते नळीला जोडलेले आहेत हे इंग्लंडच्या विल्यम बोमनने १८४२ मध्ये दाखवलं. गोळ्याभोवतीच्या पेल्यासारख्या आवरणाला म्हणूनच बोमन कॅप्सूल म्हणतात.

ग्लोमेरुलसचा व्यास साधारण २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. तुमच्या फोनच्या कॅमेरा सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण १ मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.

शरीरात इतरत्र रक्त धमनीतून केशिकांत आणि तिथून शिरेत जातं. ग्लोमेरुलसमध्ये मात्र केशिकांच्या दोन्ही बाजूंना धमनीच असते. आत येणारी अफेरंट, बाहेर जाणारी इफेरंट. पाण्याच्या पाईपच्या तोंडावर बोट ठेवलं की मागे प्रेशर वाढतं, तसं इफेरंट आवळली की ग्लोमेरुलसमधलं प्रेशर वाढतं. आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही नळ फिरवता येत असल्यामुळे किडनीला गाळण्याचा वेग सांभाळता येतो. बाहेरचं ब्लड प्रेशर थोडं वरखाली झालं तरी चालतं.

जाता जाता: मे महिन्यात घामाघूम होऊन क्रिकेट किंवा जिम, पाणी कमी, आणि वर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना अफेरंट धमनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं लागतात. या गोळ्या नेमकी तीच बनू देत नाहीत. आत येणारा नळ आवळला जातो. माझ्या ग्रुपमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही.

तीन थरांची चाळणी

ग्लोमेरुलसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रेणूला तीन थर पार करावे लागतात. पहिला थर केशिकेच्या भिंतीच्या पेशींचा. त्यांना ७० ते १०० नॅनोमीटरची भोकं असतात. रक्तपेशी इथेच अडतात, बाकी बहुतेक सगळं पुढे जातं. दुसरा थर बेसमेंट मेंब्रेन, साधारण ३०० ते ३५० नॅनोमीटर जाड, कोलॅजनच्या जाळीचा. त्यावर ऋण भार असतो. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरही ऋण भारच असतो, त्यामुळे ते मागे ढकललं जायला मदत होते.

तिसरा थर मला सगळ्यात भारी वाटला. पोडोसाइट नावाच्या पेशी केशिकेला बाहेरून बोटांनी धरल्यासारख्या धरून बसतात. शेजारच्या पेशीची बोटं एकमेकांत गुंततात आणि मधे ४० नॅनोमीटरपर्यंतच्या फटी राहतात. त्या फटींवरही प्रथिनांचा एक बारीक पडदा असतो. त्यातलं मुख्य प्रथिन नेफ्रिन. त्याचं जनुक १९९८ मध्ये सापडलं. फिनलंडमध्ये काही बाळांच्या लघवीतून जन्मापासून प्रचंड प्रथिन जायचं, त्याचं कारण शोधताना.

ही बोटं साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत. दृश्य प्रकाशाने साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा लहान तपशील वेगळे दिसूच शकत नाहीत, लेन्स कितीही महाग घ्या. लहान मुलांमध्ये एक आजार होतो: डोळे सुजतात, लघवीतून भरपूर प्रथिन जातं, पण बायोप्सी साध्या मायक्रोस्कोपखाली जवळपास नॉर्मल दिसते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर पोडोसाइटची बोटं चपटी होऊन एकमेकांत विरघळल्यासारखी दिसतात. आजाराचं नावच ‘मिनिमल चेंज डिसीज’ आहे. बहुतेक मुलं स्टेरॉइडने बरी होतात आणि बोटं परत येतात.

पोडोसाइट पेशीच मेली तर मात्र गोष्ट वेगळी. तिची जागा घ्यायला शेजारची पोडोसाइट दुभागत नाही. बाबांच्या रिपोर्टमधला १+ म्हणजे या तीन थरांच्या चाळणीतून अल्ब्युमिन निसटतंय असा इशारा होता.

आधी सगळं बाहेर, मग हवं ते परत

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात. शरीरातला प्लाझ्मा सुमारे ३ लिटर, म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसातून ६० वेळा गाळला जातो. लघवी होते दीड लिटर. उरलेलं ९९ टक्के नळीतून परत रक्तात जातं. घरातला आरओ एक लिटर पाणी द्यायला कितीतरी पाणी बेसिनमध्ये सोडून देतो. तो नेमका विष अडवतो असं आपण मानतो आणि किडनीही तसंच करत असेल असं समजतो.

किडनीचं डिझाइन उलटं आहे. सिक्युरिटीत दोन पद्धती असतात. एक, वाईट गोष्टींची यादी ठेवून त्या अडवणं. दोन, चांगल्यांची यादी ठेवून फक्त त्यांनाच आत घेणं. किडनी दुसरी पद्धत वापरते. लहान रेणू सगळेच नळीत सोडायचे, मग ग्लुकोज, अमिनो आम्लं, सोडियम वगैरे ओळखीचे रेणू उचलून परत घ्यायचे. ज्याला परतीचा दरवाजा नाही ते बाहेर. त्यामुळे उत्क्रांतीच्या काळात कधीही न भेटलेलं औषधसुद्धा बहुतेक वेळा ओळखण्याची गरज न पडता बाहेर जाऊ शकतं. महागडं डिझाइन आहे, वीज जास्त खातं, पण अनोळखी धोक्याला पुरून उरतं.

ही वीज लागते प्रॉक्झिमल ट्युब्यूलमध्ये, म्हणजे नळीच्या पहिल्या भागात. इथल्या पेशी मायटोकाँड्रियांनी भरलेल्या असतात आणि आतल्या बाजूला बारीक केसांचा ब्रश असतो, पृष्ठभाग वाढवायला. पाणी आणि सोडियमचा सुमारे ६५ टक्के भाग आणि जवळपास सगळं ग्लुकोज इथेच परत घेतलं जातं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की इथले दरवाजे कमी पडायला लागतात आणि साखर लघवीत दिसते.

पुढे नळी खाली मेड्युलात उतरते, यू-टर्न घेते आणि वर येते. हा हेन्ले लूप, जर्मन शास्त्रज्ञ याकोब हेन्लेच्या नावाचा. उतरणाऱ्या बाजूने पाणी बाहेर जाऊ शकतं, मीठ फारसं नाही. चढणाऱ्या बाजूने मीठ जातं, पाणी अजिबात नाही. या एवढ्याशा फरकातून मेड्युला खारट होत जातो, सगळ्यात खोल भागात रक्ताच्या चौपट. या खारटपणाच्या जोरावर शेवटची कलेक्टिंग डक्ट पाणी शोषून घेते. तिच्या भिंतीत अ‍ॅक्वापोरिन नावाची पाण्याची दारं असतात, मेंदूकडून येणारं एडीएच हार्मोन ती बसवतं. अ‍ॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुपारभर पाणी न पिता फिरलात आणि लघवी गडद पिवळी झाली, तर ही दारं नीट बसली आहेत.

सेन्सर बरोबर, इनपुट फसवं

हेन्ले लूपमधून वर आलेली नळी फिरून आपल्याच ग्लोमेरुलसच्या दाराशी येते, दोन धमन्यांच्या मधोमध. तिथे तिच्या भिंतीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या पेशींचा एक ठिपका असतो. मॅक्युला डेन्सा. हा सेन्सर आहे. समोरून किती मीठ जातंय हे तो पाहतो. जास्त मीठ म्हणजे वर जास्त गाळलं जातंय, अफेरंट आवळा. कमी मीठ म्हणजे कमी गाळलं जातंय, अफेरंट उघडा. शिवाय कमी मीठ दिसलं की शेजारच्या पेशी रेनिन सोडतात, त्याने पुढे इफेरंट आवळते आणि ब्लड प्रेशरही वाढतं. दहा लाख नेफ्रॉन, प्रत्येकाला स्वतःचा फीडबॅक लूप.

आता यात डायबेटिस टाकून बघा. नळीत साखर जास्त येते. प्रॉक्झिमल ट्युब्यूल ग्लुकोज परत घेतो तेव्हा सोबत सोडियमही ओढला जातो, कारण दोघांचा दरवाजा एकच आहे. त्याचं नाव एसजीएलटी-२. म्हणजे साखर जास्त तर मीठही पहिल्याच भागात जास्त उचललं जातं आणि सेन्सरसमोर कमी पोहोचतं. सेन्सर समजतो की गाळणं कमी झालंय. तो अफेरंट उघडतो. ग्लोमेरुलसमधलं प्रेशर वाढतं आणि वर्षानुवर्षं वाढलेलंच राहतं. बेसमेंट मेंब्रेन जाड होतो, पोडोसाइट सुटतात, गुंत्याच्या आत गाठी तयार होतात. या गाठींचं वर्णन किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ मध्ये केलं होतं.

कोडमध्ये असा बग सापडला की आपण म्हणतो, लॉजिक बरोबर आहे, डेटा चुकीचा येतोय.

बाबांना डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या तेव्हा मला त्या या चित्रात बसवता आल्या. टेल्मिसार्टन इफेरंट सैल करते, बाहेरचा नळ उघडतो. डॅपाग्लिफ्लोझिन एसजीएलटी-२ बंद करते. साखर लघवीतून जाते हे खरंच, पण सोबत मीठही सेन्सरपर्यंत पोहोचतं, आणि सेन्सर आत येणारा नळ पुन्हा आवळतो. या गोळ्या कुणी ऐकून-वाचून सुरू करू नयेत, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं.

हिरव्या रंगाचा घोळ

क्रिएटिनिन हा स्नायूंतून सतत तयार होणारा कचरा. किडनी निम्मं काम करायला लागली तर रक्तातलं क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. म्हणजे नातं सरळ रेषेचं नाही, १/क्ष चं आहे. ०.७ वरून १.३ झालं तर क्षमता जवळपास निम्मी गेली, आणि अ‍ॅप दोन्ही वेळा हिरवं दाखवतं. बाबांचा जुना रिपोर्ट शोधला, चार वर्षांपूर्वी क्रिएटिनिन ०.८ होतं. वय घालून ईजीएफआर काढला तर १०५ वरून ७० वर आलेला.

म्हणून दोन गोष्टी जोडीने बघतात: ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे एसीआर. एसीआर ३० च्या खाली हवा. ताप किंवा जोरदार व्यायामानंतरही एखाद्या वेळी तो वाढलेला येऊ शकतो, त्यामुळे एकाच रिपोर्टवरून निष्कर्ष काढत नाहीत, तीन महिन्यांत पुन्हा करतात. घरात कुणाला डायबेटिस किंवा बीपी असेल तर दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा व्हायला हव्यात.

बाबांचा एसीआर गोळ्या सुरू झाल्या तेव्हा २१० होता, या महिन्यात १४० आलाय. क्रिएटिनिन मात्र १.२ वरून १.३ झालं, आणि या वेळी घाबरून फोन बाबांनी केला. डॉक्टर म्हणाले, अपेक्षितच होतं. आतलं प्रेशर उतरलं की गाळणंही थोडं कमी होतं, महिन्याने पुन्हा बघू.