नाकारलेल्या पर्यायाचे काय?

निर्णय घेणे म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडणे, अशी आपली समजूत असते. माझ्या मते हे अर्धेच काम झाले. जे पर्याय नाकारले, त्यांच्याशी बांधलेल्या माणसांचे काय, हे ठरवणे हा निर्णयाचा उरलेला अर्धा भाग होय. जबलपूरचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल दिला. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी जबलपूर असावी, अशी त्यात सूचना होती. परंतु एकत्र येणाऱ्या प्रत्येक घटकाला स्वतःची राजधानी होती: मध्यभारताला ग्वाल्हेर व इंदूर, विंध्य प्रदेशाला रीवा, भोपाळ राज्याला भोपाळ. महाकोशलाची राजधानी नागपूर तर विदर्भासह मुंबई राज्यात जाणार होती. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानीचा मान भोपाळला मिळाला आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले.

या न्यायालयाची कायदेशीर वंशावळ मराठी वाचकांना विशेष वाटेल. पुनर्रचना कायद्याच्या कलम ४९ नुसार नागपूरचे उच्च न्यायालयच नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय मानले गेले. नागपूरचे मुख्य न्यायाधीश एम. हिदायतुल्ला जबलपूरला त्याच पदावर आले. नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. वर्षातून एक विधिमंडळ अधिवेशन नागपुरात घेण्याचे आश्वासन १९५३ च्या नागपूर करारातच दिलेले होते.

तथापि भरपाई दिली की प्रश्न मिटतो, असे नाही. न्यायालय जबलपूरला गेल्यामुळे नीमच वा मंदसौरच्या पक्षकारावर शेकडो किलोमीटरचा प्रवास लादला गेला असता. म्हणून पहिल्याच दिवसापासून इंदूर व ग्वाल्हेर येथे तात्पुरती खंडपीठे बसवण्यात आली. १९६८ मध्ये ती कायम झाली. शहराचे समाधान आणि नागरिकाची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो.

कर्मचाऱ्यांचा विचारही कायद्यात होता. त्यांचे दोन राज्यांत वाटप करताना त्यांच्या निवेदनांचा योग्य विचार व्हावा आणि केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून सेवाशर्ती त्यांना प्रतिकूल होतील अशा बदलू नयेत, अशी तरतूद कलम ११५ मध्ये केलेली होती. नागपूरच्या कचेरीत मेजामागे बसलेल्या कारकुनाच्या दृष्टीने राजधानी कोणती, यापेक्षा हे कलम महत्त्वाचे होते.

२००० साली छत्तीसगड झाले तेव्हा रायपूर राजधानी आणि बिलासपूरला उच्च न्यायालय, अशी तीच वाटणी पुन्हा दिसली. मात्र प्रघात म्हणून केलेली वाटणी आणि विचारपूर्वक केलेली वाटणी यांत फरक असतो. कोणाचे काय गेले आणि त्याला दिलेली वस्तू त्या हानीशी जुळते का, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते.

म्हणून टिपणी लिहिताना शिफारशीच्या खाली मी एक परिच्छेद आवर्जून ठेवतो: नाकारलेला पर्याय, त्यामुळे कोणाचे नुकसान, त्यावर उपाय काय. परप्रांतात वा परदेशात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही तो उपयोगी पडावा. नोकरीचे गाव निवडताना मागे राहणाऱ्या आईवडिलांची व्यवस्था त्याच कागदावर लिहिली, तरच ती निवड पूर्ण झाली असे म्हणता येईल.