रक्तवाढीच्या गोळीची कुळकथा

बारामती-इंदापूरकडे आशाताई गरोदर बाईच्या हातात लाल गोळ्या ठेवतात, त्यांना सगळे ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ म्हणतात. नाव खोटं नाही. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. पण माझ्या मते याच नावापायी फॉलिक अ‍ॅसिड बाईच्या पोटात उशिरा जातं, आणि त्या नावाचं मूळ मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचतं. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या बायकांचं गरोदरपणात रक्त कमी व्हायचं, त्याचं कारण ती शोधत होती. गुण आला तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या काळपट, खारट मार्माइटने. हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केलं. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हाच घटक वेगळा काढला गेला, आणि लॅटिनमधल्या ‘फोलियम’ म्हणजे पान या शब्दावरून त्याचं नाव पडलं. ते प्रयोगशाळेत तयार झालं त्यामागे आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा चमू होता. इथवर सगळी गोष्ट आईच्या रक्ताची.

बाळाच्या पाठीच्या कण्यातल्या जन्मदोषाशी फॉलिक अ‍ॅसिडचा संबंध आहे, ही शंका १९६५ साली हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी मांडली. १९९१ साली सात देशांतल्या चाचणीने ती पक्की केली: आधीच्या बाळाला हा दोष असलेल्या बायकांनी गर्भधारणेआधीपासून गोळी घेतली, तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मज्जारज्जूची नळी नीट मिटली नाही की हा दोष राहतो, आणि ती मिटते गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत. तोवर कितीजणींची गरोदर म्हणून नावनोंदणी झालेली असते?

पालेभाजी आहे की, असं कुणी म्हणेल. मेथी-चाकवत खावेतच, पण भाजी उकळून पाणी ओतून दिलं, की फोलेटचा, म्हणजे अन्नातल्या फॉलिक अ‍ॅसिडचा, मोठा वाटा त्याबरोबर जातो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा, आणि तो पुण्यातूनच आलेला. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांत, फोलेट जास्त पण बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सहाव्या वर्षी अधिक दिसलं. त्यातून गोळी सोडा असं निघत नाही. बी-१२ कडेही बघा आणि मात्रा मनाने वाढवू नका, एवढंच निघतं. सरकारी मार्गदर्शनही दिवस राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतं. आशाताईंकडे जननक्षम जोडप्यांची यादी असतेच. गोळी त्या यादीवरून निघायला हवी. आणि दिवाळीच्या सुमारास बीडकडून भवानीनगरच्या उसात उतरणाऱ्या कोयत्याचं, म्हणजे ऊसतोड जोडप्याचं, नाव गावाकडच्या वहीत राहिलं असेल, तर ते इथल्या वहीत चढायला हवं, पाळी चुकण्याच्या आधी.