झोत नौका : नियंत्रण व सुरक्षितता

तळातील मुखातून पाणी आत ओढून ते पंपाच्या साहाय्याने मागील तोटीतून जोराने बाहेर फेकणाऱ्या व त्या झोताच्या प्रतिक्रियेने पुढे जाणाऱ्या लहान नौकेस झोत नौका म्हणतात. पाण्यात उघडा राहणारा पंखा व सुकाणू नसल्यामुळे ती उथळ आणि खडकाळ पात्रातूनही जाऊ शकते. मात्र तिला गती देणारा झोतच तिला दिशाही देतो. तिच्या नियंत्रणातील सोय व धोका ही दोन्ही यातूनच उद्भवतात.

झोताची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये टूगुड व हेझ यांनी १६६१ मध्ये तिचे एकस्व मिळविले. अमेरिकेत जेम्स रम्झी यांनी १७८७ मध्ये वाफेच्या पंपावर चालणारी अशी नौका पोटोमॅक नदीत चालवून दाखविली. व्यवहारोपयोगी झोत नौका न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) यांनी १९५४ च्या सुमारास सिद्ध केली. झोत पाण्याखाली न सोडता जलपातळीच्या किंचित वर सोडल्यास वेग वाढतो, असे त्यांना आढळले. १९६० मध्ये त्यांच्या नौका कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ मध्ये सर एडमंड हिलरी यांच्या मोहिमेने अशाच नौकांतून गंगासागरपासून नंदप्रयागच्या परिसरापर्यंत मजल मारली.

नौका वळविण्यासाठी चक्राने तोटीची दिशा बदलतात. मागे जाण्यासाठी तोटीवर झडप उतरवून झोत पुढच्या बाजूस वळवितात. एंजिनाची फिरण्याची दिशा बदलत नाही. झडप मधल्या स्थितीत असता पुढील व मागील रेटा जवळजवळ समतोल होतो आणि नौका थांबल्यासारखी दिसते. परंतु पंप चालूच असतो. म्हणून जवळ पोहणारी व्यक्ती, सैल दोर वा मोकळे केस यांना तळातील मुखापासून धोका असतो. मुखात अडकलेले शेवाळ किंवा खडे एंजिन पूर्ण बंद केल्यावरच काढावे लागतात.

सर्वांत मोठा धोका मानवी सवयीतून उद्भवतो. अडथळा दिसताच चालक एंजिनाचा वेग एकदम कमी करतो. झोत मंदावतो आणि चक्र फिरवूनही नौका सरळ पुढेच जाते. त्यामुळे वळताना थोडा झोत राखणे व पुढील नौकेपासून पुरेसे अंतर ठेवणे आवश्यक ठरते. भरवेगात झडप उतरविल्यास अग्रभाग पाण्यात घुसू शकतो.

१९७० नंतरच्या दशकात कावासाकी कंपनीच्या ‘जेट स्की’मुळे झोतावर चालणारी लहान वाहने नवशिक्यांच्या हाती आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या १९९८ च्या अभ्यासात अशा वाहनांवरील मृत्यूंचे प्रमुख कारण बुडणे हे नसून आघात हे असल्याचे दिसून आले. पुढे काही उत्पादकांनी वेग कमी केल्यावरही वळण्यास साहाय्य करणाऱ्या योजना बसविल्या. चालक पाण्यात पडताच एंजिन बंद पाडणारी, त्याच्या अंगाला बांधलेली दोरीही प्रचारात आली. ७·९ मी. (२६ फूट) पेक्षा कमी लांबीच्या बहुतेक यांत्रिक नौकांवर अशा साधनाचा वापर अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झाला. असे असले, तरी झोत मंदावल्यावर वळण्याची शक्ती घटते, हे चालकाने आधीच जाणून घेणे या साधनांइतकेच महत्त्वाचे आहे.