रेडिओच्या वर्गातून निघालेला कारखाना

विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना आता धंदा कसा उभारावा हेही शिकवतात. आपल्या पवईच्या आय.आय.टी.त तर 2004 सालापासून अशा नव्या उद्योगांना हात देणारे केंद्र आहे. तुम्ही म्हणाल, ही नवीच टूम दिसते! तशी ती नाही. तिचे मूळ शोधू गेलो, तर आपण एका रेडिओच्या वर्गात जाऊन पोहोचतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. तेथे फ्रेडरिक टर्मन हे प्राध्यापक रेडिओविद्या शिकवीत. 1930 च्या सुमारास तिथला शिकलेला मुलगा नोकरीसाठी दूर पूर्वेकडे जाई. आपल्याकडचा मुंबईची गाडी धरतो ना, तसाच. टर्मनना हे सलत असे. म्हणून ते विद्यार्थ्यांना आसपासचे छोटे छोटे कारखाने दाखवायला नेत.

ह्यूलेट आणि पॅकार्ड हे त्यांचे दोन विद्यार्थी. पॅकार्ड पूर्वेकडे नोकरीला गेलेला. टर्मननी शिष्यवृत्तीची तजवीज करून 1938 मध्ये त्याला परत आणविले. ह्यूलेटने ध्वनियंत्रे तपासण्यासाठी लागणाऱ्या लहरी निर्माण करणारे एक यंत्र केले होते. त्यात त्याने चक्क विजेचा साधा दिवा बसविला! लहरींचा जोर वाढला की दिव्यातली तार तापे, तिचा विरोध वाढे आणि जोर आपोआप आवरे. हे यंत्र विकायला काढा, असे टर्मननी सुचविले.

1939 साली पालो आल्टो गावी, मोटार ठेवायच्या खोलीत, 538 डॉलरांवर भागीदारी सुरू झाली. किंमत ठेवली 54 डॉलर 40 सेंट. मागून हिशेब मांडला, तर यंत्राला खर्चच त्याहून जास्त येत होता! पोरे विद्युत्शास्त्रात तरबेज, पण मालमजुरीचा हिशेब त्यांना कोणत्या तासाला शिकविला होता? नशीब इतकेच, की दुसऱ्यांची यंत्रे पुष्कळच महाग होती. किंमत वाढविली तरी गिऱ्हाईक टिकले. डिस्नेच्या संस्थेने ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी सुधारलेली आठ यंत्रे घेतली.

मात्र नुसत्या गुरुकृपेने हे घडले असे समजू नका. महायुद्धानंतर सरकारच्या लष्करी खात्यांचा पैसा त्या भागात ओतला गेला, हे गोष्ट सांगणारे बहुधा विसरतात. 1951 मध्ये विद्यापीठाने आपल्या जमिनीवर उद्योगवसाहत काढली. 1965 मध्ये संगणकशास्त्राचा विभाग निघाला.

त्याच विद्यापीठात शिकलेल्या बेख्टोल्सहाइम यांनी 1982 मध्ये इतरांबरोबर सन ही संगणक कंपनी काढली. पुढे 1998 साली तिथल्याच दोन विद्यार्थ्यांना त्यांनी एक लाख डॉलरांचा चेक दिला. चेक ‘गूगल’ कंपनीच्या नावे होता, आणि कंपनीची नोंदणी अजून व्हायचीच होती!