तबकडी, पडदा आणि मोजदाद



चित्रपटाच्या इतिहासावर बोलणारे बहुधा नटनट्यांविषयी, दिग्दर्शकांविषयी किंवा कलेच्या वादांविषयी बोलतात. ते काम अधिकारी माणसांनी करावे. मी कामगार चळवळीतला माणूस. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा आज मी चित्रपटाकडे निराळ्या बाजूने पाहणार आहे. चित्रपट ज्या वस्तूवर बसून प्रेक्षकापर्यंत जातो त्या वाहनाचा इतिहास मला सांगावयाचा आहे. हे वाहन कधी सेल्युलॉइडची फीत होते, कधी व्हिडिओ कॅसेट, कधी चकचकीत तबकडी. आणि आता तर ते डोळ्यांना दिसेनासेच झाले आहे. तबकडी जगणार की मरणार, चित्रपटगृहे टिकणार की घरातला पडदा त्यांना गिळणार, असा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे : वाहन बदलले म्हणजे श्रमाचा हिशेब कोण मांडतो?

हा झगडा सर्वांत ठळकपणे अमेरिकेत झाला, म्हणून प्रथम तिकडे वळू. मूकपटांच्या काळात तेथील चित्रपटगृहांतून वादक बसत. १९२७ साली ‘द जाझ सिंगर’ आला, बोलपटांचे युग सुरू झाले आणि काही वर्षांच्या आत हजारो वादकांची रोजी गेली. त्यांची जागा दुसऱ्या वादकांनी घेतली नव्हती. त्यांच्याच धंदेबंधूंनी एकदा वाजवून ठेवलेल्या ध्वनीने घेतली होती. हा धडा अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्यानात ठेवला. जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांनी ग्रामोफोन कंपन्यांसाठी वाजवण्याचे बंद केले. १९४३ मध्ये पहिली मोठी कंपनी नमली, नोव्हेंबर १९४४ मध्ये उरलेल्या दोन बड्या कंपन्या नमल्या. करार असा झाला की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे ठराविक रक्कम संघटनेच्या निधीत जमा व्हावी आणि त्यातून बेकार वादकांना काम मिळावे. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने ही व्यवस्था मोडली आणि पुन्हा लढून ती दुसऱ्या रूपात उभी करावी लागली, हे खरे. पण तत्त्व प्रस्थापित झाले : माणसाचे काम एकदा होते, पण ते विकले जाते हजारदा, म्हणून प्रत्येक विक्रीत त्याचा वाटा असला पाहिजे.

पुढचे वाहन दूरचित्रवाणी. स्टुडिओंनी आपले जुने चित्रपट तिला विकावयास सुरुवात केली. ज्यांनी ते घडवले त्यांच्या हाती काही पडेना. १९६० साली लेखक आणि नट एकाच वेळी संपावर गेले. त्या वेळी नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. तडजोड अशी झाली की १९६० नंतरचे चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवले तर नटांना मोबदला मिळेल. त्याआधीच्या चित्रपटांबद्दल मात्र साडेबावीस लाख डॉलरची एकरकमी देणगी निवृत्तिवेतन व आरोग्य निधीला मिळेल. निधी उभा राहिला, तो आजही उपयोगी पडतो. पण जुन्या पिढीतील नटांच्या मनात सल राहिला, कारण त्यांची ऐन उमेदीतील कामे त्या एका रकमेत बुडाली. संघटनेच्या कामात असे प्रसंग येतात. कोणाच्या तरी वाट्यावर पाणी सोडल्यावाचून कोणाचा तरी पाया घातला जात नाही.

मग आली कॅसेट. १९७५ साली सोनीची बीटामॅक्स, १९७६ साली जेव्हीसीची व्हीएचएस. स्टुडिओवाल्यांनी आरडाओरडा केला की घरोघर चित्रपट मुद्रित होऊ लागले तर धंदा बुडेल. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ साली पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निकाल लागला की दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम पुढे पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा गुन्हा नव्हे. गंमत अशी की जी वस्तू मारक म्हणून बंद करावयाची होती, तीच पुढे स्टुडिओंची दुभती गाय ठरली.

या दुधाचा वाटा कसा ठरला पाहा. कॅसेट तयार करावयास खर्च फार, असे सांगून स्टुडिओंनी मोबदल्याचा हिशेब उत्पन्नाच्या केवळ २० टक्क्यांवर धरला. शंभर डॉलर आले तर ऐंशी आधीच बाजूला. उरलेल्या विसांवर लेखकाला दीड टक्का, म्हणजे ३० सेंट. उत्पन्न दहा लाखांपुढे गेले तर ३६ सेंट. १९८५ च्या लेखकांच्या संपात हाच वाद होता. संप दोन आठवड्यांत कोसळला आणि सूत्र कायम झाले. १९९७ साली अमेरिकेत डीव्हीडी आली. बारा सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी कॅसेटपेक्षा कितीतरी स्वस्तात निघे. ज्या खर्चाचे कारण सांगून ८० टक्के वगळले होते तो खर्च उतरला. सूत्र मात्र जागचे हलले नाही. २००७ साली लेखकांनी ते दुप्पट करण्याची मागणी केली आणि संपाच्या तोंडावर ती मागे घेतली. इंटरनेटवरील कामावर संघटनेचा हक्क मिळवणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. शंभर दिवसांचा संप करून तो हक्क त्यांनी पदरात पाडला. त्या वेळी डीव्हीडीचा धंदा तेजीत होता. तरीही मावळत्या वाहनावरचा वाटा सोडून उगवत्या वाहनावर पाय ठेवण्याचा तो निर्णय दूरदृष्टीचा ठरला.

कारण उगवते वाहन झपाट्याने वर आले. नेटफ्लिक्स ही कंपनी १९९७ साली निघाली आणि पुढल्या वर्षापासून टपालाने डीव्हीडी भाड्याने देऊ लागली. २००७ साली तिने इंटरनेटवरून चित्रपट दाखवण्यास सुरुवात केली. भाड्याच्या दुकानांची मोठी साखळी ब्लॉकबस्टर हिने २०१० साली दिवाळे काढले. पाच अब्जांहून अधिक तबकड्या घरोघर धाडल्यानंतर खुद्द नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी आपले शेवटचे लाल पाकीट रवाना केले. रेडबॉक्स या, यंत्रातून तबकड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मालकांचे दिवाळे २०२४ मध्ये निघाले, तेव्हा कामगारांचे पगार थकलेले होते आणि आरोग्यविम्याचे संरक्षणही सुटलेले होते. तबकडीच्या मरणाची चर्चा करताना या लोकांची आठवण कोणी काढत नाही, म्हणून ती येथे काढतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ३० सेंटांचे ते सूत्र अन्यायाचे होते. पण तबकडीच्या अंगी एक गुण होता. ती मोजता येत होती. इतक्या निघाल्या, इतक्या खपल्या, इतक्या परत आल्या. चित्रपटगृहाचे तिकीटही तसेच. गिरणीत तागा मोजला जातो, गोदीत गोणी मोजली जाते, म्हणून तेथे दराची बोलणी करता येतात. स्ट्रीमिंगमध्ये प्रेक्षक महिन्याची वर्गणी भरतो आणि हवे ते पाहतो. कोणता चित्रपट किती जणांनी पाहिला याची बित्तंबातमी मालकाच्या यंत्रात असते. ज्याने तो चित्रपट घडवला त्याच्यापासून मात्र ती लपवलेली. माप मालकाच्या कपाटात कुलूपबंद असेल तर कामगाराने बोलणी कशाच्या आधारे करावयाची?

२०२३ साली अमेरिकेतील लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस संपावर गेले ते पुष्कळ अंशी याचसाठी. १९६० नंतर दोघे एकाच वेळी संपावर असण्याची ती पहिलीच वेळ. काही नटांनी आपल्याला मिळालेले काही सेंटांचे चेक जगाला दाखवले. अखेर लेखकांच्या करारात कलम आले की एखादी मालिका वा चित्रपट पहिल्या ९० दिवसांत कंपनीच्या देशांतर्गत वर्गणीदारांपैकी २० टक्क्यांइतक्यांनी पाहिला तर जादा मोबदला मिळेल, आणि पाहिल्या गेलेल्या तासांचे आकडे संघटनेला गुप्ततेच्या अटीवर कळवले जातील. हा विजय लहान आहे. पण कुलूप किलकिले झाले.

दुसरा मुद्दा मालकीचा. अमेरिकेत १९०८ पासून न्यायालयाने मानलेले तत्त्व असे की पुस्तकाची प्रत एकदा विकली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. तबकडीलाही हेच लागू. ती मित्राला द्या, वाचनालयाला द्या, जुन्या बाजारात विका. स्ट्रीमिंगमध्ये विक्रीच नाही, फक्त पाहण्याची परवानगी आहे; आणि परवानगी काढून घेता येते. २०२२ आणि २०२३ मध्ये बड्या कंपन्यांनी आपल्याच मालिका खर्च व कर वाचवण्यासाठी आपल्या सेवेवरून उतरवल्या. ‘बॅटगर्ल’ हा जवळजवळ पुरा झालेला चित्रपट २०२२ साली कायमचा कपाटात टाकला गेला. ज्यांनी तो रंगवला, शिवला, उजळला, त्यांना आपले काम कोणाला दाखवताही येत नाही.

याचे परिणाम काय होतात हे इतिहासाने आधीच दाखवले आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ च्या अहवालानुसार तेथील सुमारे ७० टक्के मूक कथापट कायमचे नाहीसे झाले. आपल्याकडे १९३१ चा ‘आलम आरा’, पहिला भारतीय बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने डबे गोळा करीत आयुष्य वेचले, म्हणून पुष्कळ काही वाचले. प्रती अनेक हातांत असल्या की एक हात निष्काळजी निघाला तरी वस्तू टिकते.

आपल्याकडे तबकडीचे राज्य थोडा काळ चालले. आमच्या तरुणपणी चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणीत आणि एका रात्रीत तीन चित्रपट पाहत. नंतर मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून चोरट्या तबकड्यांना तोंड दिले. २०१८ साली ती कंपनी अवसायनात निघाली. पण एक चांगली गोष्ट घडली आहे. २०१२ च्या प्रताधिकार कायद्यातील दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराबद्दल समान वाट्याचा हक्क दिला, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येणार नाही असे ठरवले. शेवटले कलम फार मोलाचे आहे. गरजू माणूस कोणत्याही कागदावर सही करतो, हे कायद्याने ओळखले. मात्र प्रकाशयोजनेचा कामगार, रंगभूषाकार, संकलकाचा मदतनीस यांच्यापर्यंत हे तत्त्व अजून पोहोचलेले नाही. अमेरिकेत तंत्रज्ञांच्या निवृत्तिवेतन व आरोग्य निधीत तरी अशा उत्पन्नाचा भाग जातो.

राहिली चित्रपटगृहे. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पॅरामाउंट निकालानंतर स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली. कारखाना, गोदाम आणि दुकान एकाच धन्याचे असू नये हा त्यामागील विचार. २०२० मध्ये न्यायालयाने ते निर्बंध उठवले. आज स्ट्रीमिंग कंपनी चित्रपट काढते, साठवते आणि दाखवते. तीनही किल्ल्या एकाच जुडग्यात आल्या आहेत. चित्रपटगृहे कमी होतील, महाग होतील, पण माणसाला चार माणसांत बसून हसावयाचे असते तोवर ती सर्वस्वी जाणार नाहीत. तबकडीही राहील, तिचा कारखाना लहान होईल, संग्राहक आणि ग्रंथालये तिला जतन करतील.

मी तबकडीच्या बाजूने मोर्चा काढा असे सांगावयास आलेलो नाही. यंत्राविरुद्ध मोर्चे काढून यंत्र थांबत नाही, हे आम्ही गिरणगावात अनुभवले आहे. माझ्या मागण्या तीनच आहेत. पाहिल्या गेलेल्या प्रत्येक चित्रपटाची मोजदाद, तो घडवणाऱ्यांना उघड असावी. चित्रपट विकला असे म्हणावयाचे असेल तर खरोखर विकावा. प्रत घेणाऱ्याच्या हाती राहावी. आणि प्रत्येक चित्रपटाची एक उत्तम प्रत सार्वजनिक संग्रहालयात जमा झाल्याशिवाय त्याला प्रदर्शनाचा परवाना मिळू नये. पडदा मोठा असो की तळहाताएवढा, या तीन गोष्टी त्याच्या मागे असल्या म्हणजे वाहन कोणते यावरून भांडण्याचे कारण उरणार नाही.